स्टेअरिंग जड झालं म्हणजे ऑइल संपलं?

"स्टेअरिंग जड झालंय? ऑइल टाक, हलकं होईल." साताऱ्यात पोवई नाक्यावर कुणालाही विचारा, हेच सांगतील. जुन्या हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबानं स्टेअरिंग हलकं करणाऱ्या, गाड्यांपुरता हा सल्ला निम्मा बरोबर. तिथंही कधी ऑइलचा पंप फिरवणारा पट्टा सैल असतो, कधी पंपच झिजलेला असतो. आणि ऑइल कमी झालंय तर ते कुठंतरी गळतंय, हे कुणी बघत नाही.

पण १९९९ ची होंडा एस२००० किंवा पहिल्या पिढीची बीएमडब्ल्यू झेड४ (तिचं 'एम' मॉडेल सोडून) घ्या. यांच्या स्टेअरिंगला ऑइलच नाही, इलेक्ट्रिक मोटर जोर लावते.

अशाच विजेच्या स्टेअरिंगची एक टू-सीटर यवतेश्वर घाटात अडली. स्टेअरिंगचा इशारा देणारा दिवा लागलेला, स्टेअरिंग दगडासारखं. मी पोचलो तेव्हा मालक ऑइलची बाटली घेऊन ब्रेकच्या टाकीचं झाकण फिरवत होते! आधी बाटली काढून घेतली, मग मीटर लावला. इंजिन चालू असूनही बॅटरीवर १२.१ व्होल्ट, हवे होते १४ च्या आसपास. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, बॅटरी चार्जच करत नव्हता. व्होल्टेज पडलं की ही मोटर मदत कमी करते, बंदही करते.

व्होल्टेज ठीक असेल तर फ्यूज आणि अर्थिंगची वायर बघा, मग स्कॅनर लावून टॉर्क सेन्सरचा (स्टेअरिंगवर हाताचा जोर किती, ते मोजणाऱ्याचा) बिघाडाचा कोड. पार्किंगमध्ये चाकं पुन्हापुन्हा शेवटपर्यंत वळवल्यावर स्टेअरिंग जड होऊन थोड्या वेळानं सुधारलं, तर मोटर नुसती तापलेली असू शकते.