आराखडा तपासायला पुण्याला कशाला जायचं?

दापोली-गुहागरच्या घरी बसून पुण्यामुंबईच्या कंपन्यांचं काम करणारी मुलं आता नवलाची राहिली नाहीत. पण एक समज अजून पक्का आहे: कोड घरून लिहिता येतो, सॉफ्टवेअरचा आराखडा, म्हणजे त्याचे भाग कुठले आणि ते एकमेकांशी कसे जोडायचे याची मांडणी, तपासायला मात्र सगळ्यांनी एकाच खोलीत बसायला हवं. हे मला साफ अमान्य आहे.

आराखडा कोड लिहिण्याआधी तपासायचा, कारण पाया नंतर बदलणं फार महाग पडतं. त्यासाठी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये 'एटॅम' (आर्किटेक्चर ट्रेडऑफ अ‍ॅनालिसिस मेथड) ही पद्धत घडली. तिचा सविस्तर अहवाल २००० साली आला. तिचा सगळा भर प्रसंगांवर. 'अ‍ॅप भरवशाचं हवं' एवढं म्हणून भागत नाही. काय घडलं, कुठल्या परिस्थितीत, आणि यंत्रणेने किती वेळात काय करायचं, हे मोजता येईल असं लिहायचं. समजा, हापूसच्या ऑर्डरी घेणारं अ‍ॅप आहे. 'मे महिन्यात वळीव आला, लाइट गेली, टॉवर बंद. बागायतदाराने २० पेट्यांची विक्री नोंदवली. नोंद फोनवर टिकावी आणि रेंज आल्यावर १ मिनिटात सर्व्हरवर जावी.'

खरी गंमत इथे आहे. नोंद फोनवर ठेवली तर रेंज नसतानाही काम चालतं. पण तेवढ्यात त्याच्या मुलाने मुंबईतून त्याच पेट्या दुसऱ्याला विकल्या तर? बरं, सर्व्हरला विचारल्याशिवाय विक्रीच नाही असं ठरवलं, तर दुहेरी विक्री टळते, पण रेंज येईपर्यंत धंदा ठप्प. एक गुण वाढवला की दुसरा घटतो, अशा जागा हुडकणं हेच एटॅमचं काम. सर्व्हरपुढे नारळ फोडून त्या सापडत नाहीत.

असा प्रसंग सुचतो बागेत राबणाऱ्याला. बैठकीत मात्र एका वेळी एकच जण बोलतो. बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता सुचलेलं विसरतात. गटात कल्पना कमी निघतात त्याचं मोठं कारण हे पाळीसाठी थांबणंच, असं डील आणि श्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रयोगांतून दाखवलं. आपापल्या जागी बसून, एकाच वेळी सगळ्यांनी लिहिलं की पाळीच उरत नाही. सॉफ्टवेअर संशोधक मुहम्मद अली बाबर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत तर दूर बसून लिहिणाऱ्या गटांचे प्रसंग समोरासमोरच्या गटांपेक्षा सरस ठरले.

कुठले प्रसंग आधी तपासायचे, याचं मतदानही तसंच दुरून होतं. प्रसंग ४० असतील तर प्रत्येकाला साधारण १२ मतं. कॉल लावायचा तो त्यानंतर, वर आलेल्या मोजक्या प्रसंगांवर भांडायला. आणि त्या कॉलवर बागायतदार हवाच.