चल आणि स्थिरांक

बीजगणितात ज्या अक्षराच्या जागी वेगवेगळ्या किमती येऊ शकतात त्याला चल म्हणतात. दिलेल्या उदाहरणात जिची किंमत बदलत नाही, ती राशी म्हणजे स्थिरांक. ‘दिलेल्या उदाहरणात’ हे या व्याख्येतले सर्वांत मोलाचे शब्द, आणि पाठांतरात नेमके तेच गळतात.

गिरणीत गहू डब्यासकट काट्यावर ठेवतात. रिकामा डबा १ किलोचा आणि गहू क्ष किलो असतील, तर काटा क्ष + १ दाखवतो. गहू कधी ५ किलो, कधी ८, डबा तोच. इथे क्ष हा चल आणि १ हा स्थिरांक. दर किलोला ६ रुपये धरला तर दळणावळ ६क्ष रुपये. यातला ६ हाही स्थिरांकच. तो चलाला गुणतो म्हणून त्याला सहगुणक म्हणतात. पीठ घरपोच हवे असेल आणि त्याचे १० रुपये वेगळे पडत असतील, तर एकूण ६क्ष + १०. याचे १६क्ष करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. क्ष = १ घालून ताळा पाहिला तर दोन्हीकडे १६ येतात आणि चूक झाकली जाते. क्ष = ५ घाला, म्हणजे ४० आणि ८० असा फरक लगेच दिसतो.

काटा ९ वर थांबला तर क्ष + १ = ९, म्हणजे गहू ८ किलोच. अशा समीकरणात क्ष बदलत नसतो, तो फक्त ठाऊक नसतो. त्याला अज्ञात म्हणणे अधिक नेमके. बाराव्या शतकात भास्कराचार्य ‘बीजगणित’ ग्रंथात पहिल्या अज्ञातासाठी ‘या’ लिहीत, म्हणजे यावत्-तावत्, ‘जितके तितके’. पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे, आणि ज्ञात संख्येला ‘रू’, म्हणजे रूप. त्या पद्धतीत ६क्ष + १० हे ‘या ६ रू १०’ असे होते. ज्ञात राशींना वर्णमालेतली सुरुवातीची आणि अज्ञातांना शेवटची अक्षरे देण्याची आजची रीत फ्रेंच गणिती देकार्त याच्या १६३७ च्या ग्रंथातून रुळली.

अक्षर दिसले की चल, हा समजही चुकीचा. वर्तुळ लहान असो की मोठे, पायची (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) किंमत तीच; म्हणून पाय हे अक्षर असूनही स्थिरांक. याहून बारकाईची गोष्ट प्राचलाची, म्हणजे एका उदाहरणापुरत्या स्थिर पण उदाहरणागणिक बदलणाऱ्या राशीची. डब्याचे वजन अ मानले तर काटा क्ष + अ दाखवील. एका घरापुरता अ ठरलेला, पण गिरणीवाल्यासमोर तो गिऱ्हाइकागणिक बदलतो. म्हणूनच कित्येक डब्यांवर रिकाम्या डब्याचे वजन रंगाने लिहिलेले असते: त्या डब्यापुरती अ ची किंमत.