मुंबईतील एकट्याची भटकंती

मुंबईतील एकट्याची भटकंती : सोबत कोणी न घेता मुंबईच्या वस्त्या, बाजार, वाड्या आणि खाण्याच्या जागा पायी, लोकलने वा बसने हिंडून पाहण्याची रीत. हौशी प्रवाशांमध्ये ती अलीकडे बोकाळली असली, तरी मुंबईला नवी नाही. गावाहून पोटासाठी आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी धुतलेला सदरा घालून हेच करीत असे. गाडी ठरवून पाहिलेली मुंबई म्हणजे गेटवे, राणीची बाग, चौपाटी आणि परत. एकट्याची मुंबई ठाकूरद्वारच्या नाक्यावर किंवा दादरच्या पुलाखाली सुरू होते.

पार्श्वभूमी

हॉटेलात एकट्याने जेवायला बसलेल्या माणसाकडे मुंबईत कोणी वळून पाहत नाही. हा मुंबईकरांचा चांगुलपणा नव्हे. शहर घडलेच तसे. १८५४ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहू लागली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष बायकामुले गावी ठेवून मुंबईत येऊ लागले. १९२१ च्या सुमारास शहरात हजार पुरुषांमागे बायका होत्या साधारण सव्वापाचशे. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा गडी, खोलीत चूल नाही, शिजवायला कोणी नाही. हे सगळे जेवत कुठे?

जेवत खानावळीत. परळ-लालबागच्या चाळीत एखादी बाई आठ-दहा गड्यांना महिन्याच्या हिशेबावर दोन वेळचे जेवण घाली. गडी पगाराच्या दिवशी पैसे चुकते करीत. मधल्या दिवसांत बाई सावकाराकडून उसने आणून चूल पेटती ठेवी. याच खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गोव्याहून आलेल्या खलाशांची सोय वेगळी होती. गावागावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कूड’ नावाच्या खोल्या धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत आजही आहेत. बोटीवरून उतरलेला माणूस पुढची बोट मिळेपर्यंत तिथे ट्रंक टाकून राही. कोकणातल्या गावांच्याही अशाच मंडळाच्या खोल्या होत्या, आणि आजही शहरात ‘कॉट बेसिस’ या दोन शब्दांत जागा भाड्याने मिळते : खोली नाही, खाट आपली.

या माणसांच्या भुकेवर इराणी, उडुपी आणि मालवणी हॉटेले उभी राहिली, म्हणून मुंबईच्या बाहेरच्या खाण्याचे एकक कुटुंब नसून एक माणूस आहे. राइसप्लेट एकाची. वडापाव एका हाताचा. आणि कटिंग, म्हणजे अर्धा ग्लास चहा, तर पूर्ण ग्लासही न परवडणाऱ्याचा, किंवा पूर्ण ग्लासाइतका वेळ नसणाऱ्याचा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव मोडला, धुराड्यांच्या जागी टॉवर आले, खानावळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. पण ही एकाची मापे तशीच राहिली. एकट्या प्रवाशाला मुंबई सोपी जाते ती त्यामुळे.

इराण्याचे टेबल

जेर महालाच्याच आवारात, मेट्रो सिनेमासमोर, १९०४ साली सुरू झालेले कयानी हे इराणी हॉटेल आहे. वर कुडी, खाली इराणी : एकट्या माणसाच्या मुंबईचा नकाशा एका इमारतीत पाहायचा तर इथे. सकाळच्या गर्दीत आत गेलात की रिकामे टेबल शोधत उभे राहू नये. जिथे खुर्ची रिकामी, तिथे समोरच्याकडे पाहून जरा मान हलवायची आणि बसायचे. समोरचा वर्तमानपत्राचे एक पान आपल्याकडे सरकवेल, नाहीतर नजरही वर उचलणार नाही; दोन्ही सारखेच स्वागत. चहा ‘पानी कम’ सांगितला तर दाट येतो. ब्रून म्हणजे कडक पाव; त्याचे कवच फुटताना चुरा सगळा टेबलावर सांडतो, म्हणून जाणते लोक तो चहात बुडवूनच खातात. बनमस्का मऊ, ब्रूनमस्का कडक, आणि पहिल्यांदा आलेला माणूस बहुधा चुकीचा मागवतो. पूर्वीच्या इराण्यांकडे बिलाचा कागद नसे. गिऱ्हाईक उठले की वेटर तिथूनच गल्ल्यावरच्या मालकाला आकडा ओरडून सांगे.

बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया (१९२३) जेवणासाठी प्रसिद्ध. त्याचा बेरी पुलाव एकट्याला जरा जास्तच होतो, आणि ते दुपारचेच हॉटेल आहे, संध्याकाळी गेलात तर कुलूप दिसेल. कोपऱ्यावरचे इराणी आता एकामागून एक औषधांची नाहीतर मोबाइलची दुकाने झाले आहेत, हे कोणत्याही जुन्या नाक्यावर उभे राहून दिसते.

वस्त्या आणि बाजार

भटकंतीची सर्वांत दाट पट्टी म्हणजे चर्नी रोड स्टेशनपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंतची. नकाशावर ती दोन-अडीच किलोमीटर भरते. चालायला अर्धा दिवस लागतो. चर्नी रोडला पूर्वेकडे उतरून ठाकूरद्वारला यावे. इथे विनय हेल्थ होममध्ये मिसळ, किंवा पणशीकरांकडे पियूष. पियूष म्हणजे श्रीखंड आणि ताक यांच्या मधले काहीतरी, केशर-जायफळाचे, घट्ट. तहानेसाठी मागवू नये, त्याने तहान वाढते. पुढे खोताची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनदाराच्या नावाची ही गल्ली ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणाऱ्या मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या लाकडी घरांसाठी ओळखली जाते : बाहेरून चढणारे जिने, रंगवलेले कठडे, ओटीवर आरामखुर्ची. आता जुन्या घरांच्या मधूनमधून उंच इमारती उभ्या आहेत. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ही माणसांची राहती घरे आहेत, संग्रहालय नव्हे. खिडकीतून आत कॅमेरा रोखणाऱ्यांमुळे वाडीतले लोक पाहुण्यांना कंटाळले असतील, तर चूक त्यांची नाही.

वाड्यांची नावे वाचत जाणे हाच गिरगावातला अर्धा आनंद. फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. परसबागांचे शहर नावात उरले आहे. खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. चाळ अजून उभी आहे आणि गणपतीही बसतो. तिथून काळबादेवी, भुलेश्वर. भुलेश्वरच्या फुलगल्लीत झेंडूच्या राशींमधून वाट काढताना पाठीवरची सॅक पोटाकडे घ्यावी, चोरीच्या भीतीने नव्हे तर मागून हातगाडीवाला ‘बाजू’ ओरडत येतो म्हणून. ‘बाजू’ ऐकले की आधी सरकायचे आणि मग वळून पाहायचे. उलटे करणारा नवखा.

यापुढे एकेक गल्ली एकेका मालाची आहे. लोहार चाळीत विजेचे सामान, झवेरी बाजारात सोने, मंगलदास मार्केटमध्ये कापड. मंगलदासमध्ये दुकानदार गादीवर बसवून ठाण उलगडत जातो आणि ‘बघायला पैसे नाहीत’ म्हणत दहावे ठाण काढतो, तोवर एकटा माणूस पुरता अडकलेला असतो. सोबतीला कोणी असते तर ‘चल, उशीर होतोय’ म्हणाले असते. एकट्याने घड्याळ पाहण्याची कला इथे शिकावी. शेवटी क्रॉफर्ड मार्केट : १८६९ चे, पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाचे, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. दारावरची शेतकऱ्यांची शिल्पे जॉन लॉकवूड किपलिंग यांची. आंब्याच्या मोसमात आत नुसते श्वास घेत फिरले तरी चालते. भाव मात्र विचारण्यापूर्वी दादरचा भाव ठाऊक असावा.

नावांचा गोंधळ इथेच नोंदवणे बरे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. पाटीवर शहीद भगतसिंग मार्ग, तोंडी कुलाबा कॉजवे. पानवाल्याला अधिकृत नाव विचारले तर तो आपल्याकडे नुसता पाहत राहतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जुने लोक अजून व्हीटी म्हणतात, तरुण सीएसएमटी. १८८७ साली पूर्ण झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिच्याकडे मान वर करून पाहणारा एकटा माणूस लोकल पकडणाऱ्यांच्या वाटेत हमखास येतो. समोरच्या महापालिकेच्या बाजूला उभे राहून पाहावी.

चोर बाजारात, म्हणजे मटण स्ट्रीटला, शुक्रवारी रस्त्यावर जुन्या वस्तूंचा वेगळाच बाजार भरतो. पितळी म्हणून घेतलेला कंदील घरी नेऊन घासल्यावर पत्र्याचा निघणे हा या बाजाराचा शिरस्ता आहे. प्रस्तुत लेखकाकडेही असा एक आहे.

दादर हे मराठी माणसाच्या भटकंतीचे केंद्र. पहाटे पुलाखालचा फुलबाजार, मग छबिलदासची गल्ली, रानडे रोड, शिवाजी पार्कचा कट्टा. स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली असे सांगतात. मामा काण्यांचा बटाटावडा त्याच्याही आधीचा, दुकान १९१० चे. प्रकाशमध्ये साबुदाणावडा, आस्वादमध्ये मिसळ. रविवारी सकाळी बाहेर उभ्या असलेल्या यादीवाल्याला ‘एकच’ म्हटले की चारजणांच्या कुटुंबाआधी आत बोलावणे येते. एकटे असण्याचा एवढा रोख फायदा दुसरीकडे क्वचितच मिळतो. पलीकडे माटुंग्याला कॅफे मद्रास (१९४०) आणि स्टेशनलगत रामा नायक यांचे केळीच्या पानावरचे जेवण (१९४२). ‘सांबार डीप’ म्हणजे इडली बुडवून, ‘सेपरेट’ म्हणजे वाटीत. ठरवूनच आत जावे, वेटरला विचार करणारे गिऱ्हाईक आवडत नाही.

वांद्र्याचे रनवार आणि चिंबई, वाळकेश्वरचे बाणगंगा तळे, वरळीचा कोळीवाडा, पहाटेचा ससून डॉक (१८७५) या प्रत्येकाला एकेक सकाळ पुरे. रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडला मात्र एकट्याने जाऊ नये असे या लेखकाचे मत आहे, आणि कारण फक्त पोटाचे : नल्ली निहारी, मालपुवा आणि फिरनी एका माणसाला एका रात्रीत संपत नाहीत.

हिंडण्याची साधने

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीपासून शहर रुळांच्या कडेने वाढले, म्हणून स्टेशन सांगितले की पत्ता अर्धा सांगून झाला. नवख्याने सकाळी अकरा ते चार या वेळातच, धीम्या गाडीने फिरावे. विरारच्या प्रवाशांनी खच्चून भरलेल्या विरार फास्टमध्ये मध्येच बोरिवलीला उतरायला निघणे ही चूक लोक विसरू देत नाहीत. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी बंद ठेवलेले मार्ग, पाहूनच बाहेर पडावे. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा नाही, तिथे काळीपिवळी टॅक्सी. जुन्या पद्मिनी मोटारीची टॅक्सी मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. बेस्टच्या बसमध्ये खिडकी मिळाली तर तिच्यासारखे साधन नाही. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक ही स्टेशने भटक्याच्या अगदी सोयीची. फक्त जमिनीखालून जाताना शहर दिसत नाही.

दक्षिणेचा फोर्ट रविवारी ओस पडतो. इमारती निवांत पाहता येतात, खायला मात्र फारसे काही उघडे नसते. दादरची बरीच दुकाने सोमवारी बंद. पावसाळ्यात मोठी भरती आणि मुसळधार एका वेळी आली की दादर-परळमधला हिंदमाता चौक पाण्याने तुंबतो. त्या दिवशी कुठलाही बेत नकोच.

एकट्या बायकांची भटकंती

वर ज्या एकट्या माणसासाठी शहर घडले असे म्हटले, तो पुरुष होता, आणि हे हॉटेलांच्या रचनेत दिसते. इराण्यांकडे आणि उडुप्यांकडे पडद्याआड वा माळ्यावर ‘फॅमिली रूम’ असे, आणि एकटी बाई आली की तिला तिकडे पाठवत. ही रीत बरीचशी मोडली आहे. मोडली ती कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या बायकांनी, दुपारी एकटीने राइसप्लेट मागवून. लोकलचे लेडीज डबे, १९९२ पासूनची लेडीज स्पेशल आणि भाजी निवडत गप्पा मारणाऱ्या सहप्रवासिनी यांमुळे देशातल्या इतर शहरांपेक्षा इथे एकट्या बाईला हिंडणे सोपे, असे बायकाच सांगतात. लॉजमध्ये मात्र ‘एकट्याच का?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. रात्री उशिरा लेडीज डबा रिकामा असला, तर बऱ्याच जणी पोलीस उभा असलेला डबा पाहून चढतात.

रात्र

रात्री साधारण एकनंतर पहाटे चारपर्यंत लोकल बंद असते. शेवटची गाडी चुकलेल्याला स्टेशनाबाहेर सायकलला किटली अडकवून फिरणारा चहावाला भेटतो. त्याच्याकडे सुटे पैसे बहुधा नसतात, सिगारेट सुटी मिळते, आणि पहिली गाडी किती वाजता आहे हे इंडिकेटरपेक्षा त्याला नक्की ठाऊक असते.