डोळे मोजून केलेली छाटणी

जनुकविज्ञानाच्या लेखनात ‘प्युटेटिव्ह’ हे इंग्रजी विशेषण पुष्कळदा आढळते, बोलण्यात मात्र ते क्वचितच येते. एखाद्या जनुकाचे कार्य माहीत असलेल्या जनुकांशी त्याच्या साधर्म्यावरून मानले गेले असेल, पण प्रयोगाने सिद्ध झाले नसेल, तर त्याला हे विशेषण लावतात; मराठीत ‘मानीव’ म्हणता येईल. त्याचे मूळ ‘पुतारे’ या लॅटिन क्रियापदात आहे आणि त्या क्रियापदाचे अर्थ दोन आहेत: झाड किंवा वेल छाटणे, आणि हिशेब करणे किंवा मानणे. अवयव कापण्याचे ‘अँप्युटेशन’ आणि गणना करणारा ‘कॉम्प्युटर’ हे दोन्ही शब्द याच मुळापासून आले आहेत.

छाटणे आणि मोजणे एकत्र का नांदतात, हे पुणे जिल्ह्यातील नारायणगाव परिसराच्या द्राक्षबागांत मला नीट उमगते. थंड देशांत वेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते, त्यामुळे तिथे वर्षातून एकच मुख्य छाटणी पुरते. आपल्याकडे तशी थंडी नसल्याने छाटणी दोनदा करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणीत जुनी काडी ओलांड्यापाशी, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपाशी, एक-दोन डोळे (जिथून नवे फुटवे येतात त्या कळ्या) राखून कापतात; नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या काही आठवड्यांत घडनिर्मिती होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी येते. काडीच्या कितव्या डोळ्यात घड आहे, हे जाणकार बागायतदार डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात आणि मगच कात्री कुठे लावायची ते ठरवतात. माझ्या मते छाटणीतले खरे कौशल्य या मोजणीतच आहे.

कापल्यावर खालचे डोळे का फुटतात? शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना रोखून धरते, असे थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1933 मध्ये घेवड्याच्या कुळातील रोपांवर दाखवले: शेंडा खुडून त्या जागी ऑक्झिन लावले, तर बाजूचे डोळे निद्रिस्तच राहत. मात्र 2014 मध्ये वाटाण्यावरील प्रयोगांत दिसले की, शेंडा तुटताच तिकडे जाणारी साखर बाजूच्या डोळ्यांकडे वळते आणि ऑक्झिन घटण्याआधीच ते फुगू लागतात.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतरही टोकाचे डोळे आधी फुटण्याची ओढ राहतेच; म्हणून डोळे एकसारखे फुटावेत यासाठी हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. ते विषारी असल्याने हातमोजे घालून, निवडलेल्या डोळ्यांवरच लावले जाते, आणि कोणत्या डोळ्यांवर लावायचे, हेही काडी पाहून, मोजूनच ठरते.