घराची दिशा आणि उन्हाचा कोन: नियमांमागची पार्श्वभूमी

नव्या घराचा नकाशा आखताना कोणती भिंत कोणत्या दिशेला ठेवावी, हा प्रश्न महाराष्ट्रात आज एकतर वास्तुशास्त्राच्या किंवा ऊर्जाबचतीच्या अंगाने चर्चिला जातो. त्याआधी तो इमारतींच्या नियमांपुढे येऊन गेला होता. त्या नियमांनी उजेडाचा विचार बारकाईने केला, दिशेचा मात्र केला नाही, आणि सध्याच्या गोंधळाचे मूळ बरेचसे तेथे आहे.

जुन्या घरांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. वाड्याचे तोंड रस्ता असेल तिकडे असे आणि उजेड-वारा चौकातून मिळे, त्यामुळे बाहेरच्या भिंतीची दिशा दुय्यम ठरे. देशावरच्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंती आणि मातीचेच छप्पर हा उन्हावरचा मुख्य उपाय होता. कोकणात उन्हापेक्षा पश्चिमेकडून येणारी पावसाची झड अधिक त्रासाची होती. तिच्यासाठी खाली ओढलेले छप्पर आणि पडवी दुपारचे ऊनही अडवत असत.

दिशेचा प्रश्न खऱ्या अर्थाने शहराचा झाला तो १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यानंतर. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत रोग पोसला जातो, या समजुतीतून १८९८ च्या कायद्याने शहरसुधारणेसाठी वेगळे मंडळ नेमण्यात आले. पश्चिमेचा समुद्री वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते आखले गेले, म्हणजे वाऱ्यापुरते दिशेचे भान या आखणीत नक्कीच होते. घरांच्या बाबतीत मात्र साडेत्रेसष्ट, म्हणजे ६३.५ अंशांच्या कोनाचा नियम पुढे आला. इमारतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करता कामा नये, असा त्याचा आशय होता. व्यवहारात याचा अर्थ असा की मोकळी जागा समोरच्या उंचीच्या निम्मी तरी असावी. समोर ४० फूट उंच इमारत असेल तर मध्ये २० फूट जागा सोडावी. मुंबईतल्या जमिनीच्या किमती पाहता नियम मालकांना महाग पडणारा होता आणि त्यावरचा वाद स्वाभाविकपणे सोडायच्या जागेवर केंद्रित झाला.

हा कोन कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात इमारतींच्या मागच्या बाजूसाठी हाच कोन होता. लंडनला सूर्य जूनमध्येही भर दुपारी सुमारे ६२ अंशांवरच येतो. म्हणजे नियमात जेमतेम बसणाऱ्या अशा दोन इमारतींमधल्या फटीत, दक्षिणेकडे पाहणाऱ्या भिंतीच्या पायथ्याला तेथे वर्षभरात एकदाही मध्यान्हीचे ऊन लागत नाही. तेव्हा हा कोन आकाशाचा तुकडा दिसावा म्हणून काढलेला होता; उन्हाचा हिशेब त्यात नव्हता. मुंबईत, १९ अंश अक्षांशावर, तोच कोन वेगळे काम करतो. तशाच फटीत मध्यान्हीचे ऊन साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत, म्हणजे ते सुखद असते त्या महिन्यांत, पायथ्यापर्यंत पोहोचत नाही आणि मार्च-एप्रिलच्या तलखीत पोहोचते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असल्याने दक्षिण भिंत मध्यान्ही सावलीत राहते. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम या चारही बाजूंना एकच कोन लावणे मोजणीला सोपे होते आणि अंमलबजावणी करणाऱ्याला सोपेपणाची गरज होती, हे मान्य करावे लागेल. पण वेगळ्या अक्षांशावरचा नियम येथे आणताना कोन पुन्हा मांडला गेला असता तर पुढच्या शंभर वर्षांच्या इमारती वेगळ्या दिसल्या असत्या, असे या लेखकाला वाटते.

पुढे कोन मागे पडला, पण त्यामागची पद्धत टिकली. मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० साली लागू झालेल्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीतही बाजूची मोकळी जागा इमारतीच्या उंचीवरून ठरते आणि भिंत पश्चिमेची की उत्तरेची याने त्यात फरक पडत नाही. १९७० मध्ये आलेल्या आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेत दिशेविषयी मार्गदर्शन आहे, मात्र ते सल्ल्याच्या स्वरूपात.

दिशेबाबत नियमांनी ठेवलेली ही पोकळी १९९० नंतर वास्तुशास्त्राने भरून काढली. पूर्वाभिमुख म्हणून जाहिरातीत मिरवणाऱ्या सदनिकेचे दार बहुतेक वेळा बंदिस्त लॉबीत उघडते आणि तिच्या खिडक्या पश्चिमेला असू शकतात. वास्तुशास्त्रातले सगळेच दंडक उन्हाच्या विरुद्ध जातात असे नाही. आग्नेयेच्या स्वयंपाकघराला सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी ते भट्टीसारखे तापत नाही. नैऋत्येची मोठी बेडरूम मात्र दुपारभर तापलेल्या दोन भिंती घेऊन रात्रीला सामोरी जाते. अशा खोलीत एसी आधी का लागतो, हे त्यावरून कळते.

२०१८ च्या अखेरीस आलेल्या इको-निवास संहितेने, म्हणजे निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या केंद्रीय नियमावलीने, घरांच्या दिशेला प्रथमच आकडा दिला. छप्पर वगळून इमारतीच्या बाह्य आवरणातून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त नसावी, अशी तिची मर्यादा असून त्या हिशेबात प्रत्येक दिशेला, तिकडच्या भिंतीवर तुलनेने किती ऊन पडते हे दाखवणारा, गुणक आहे. महाराष्ट्राच्या अक्षांशांसाठी उत्तरेचा गुणक सुमारे ०.६६, दक्षिणेचा ०.९७ आणि पूर्व व पश्चिम या दोन्हींचा जवळजवळ सारखाच, १.१५ च्या आसपास आहे. पडणाऱ्या उन्हापुरते हे बरोबर आहे. परंतु पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडते तेव्हा हवाही दिवसभराची तापलेली असते आणि पूर्वेच्या भिंतीला रात्रीच्या गारव्याची साथ असते, हा फरक राहणाऱ्याला जाणवतो, गुणकाला नाही. शिवाय मर्यादा संपूर्ण इमारतीच्या सरासरीवर असल्याने एका बाजूच्या सदनिका तापल्या तरी इमारत नियमात बसू शकते. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जासंवर्धन कायद्याच्या कक्षेत आल्यामुळे या त्रुटींना आता अधिक वजन आले आहे.

स्वतंत्र प्लॉटवर बांधणाऱ्याला या इतिहासातून हाती लागते ते मुख्यतः दक्षिण आणि पश्चिम यांतले अंतर. पुण्याच्या अक्षांशावर दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर लगेच काढलेला दोन फुटी छज्जा मार्चच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचे ऊन पूर्ण अडवतो आणि डिसेंबरात जवळजवळ निम्मी खिडकी उन्हाला मोकळी ठेवतो. (दोनास चार या मापाचा कोनही ६३.५ अंशांच्या जवळच येतो, येथे मात्र तो उलट आणि योग्य काम करतो.) पश्चिमेला सूर्य खाली उतरलेला असताना छज्जाचा उपयोग होत नाही, तेथे जिना, संडास-बाथरूम किंवा अडगळीची खोली ठेवून राहत्या खोल्यांना आड घेणे, नाहीतर उभ्या पट्ट्या किंवा झाड, एवढेच उपाय उरतात. एकमजली घरात तर कोणत्याही दिशेच्या भिंतीपेक्षा छप्पर अधिक तापते, कारण मे महिन्यात सूर्य डोक्यावरून जातो.

अलीकडे छतावरच्या सौर पॅनेलांनी या प्रश्नात नवी भर घातली आहे. पॅनेल दक्षिणेकडे साधारण अक्षांशाइतक्या उतारावर बसवावे लागते, तर वास्तुशास्त्राच्या आग्रहाने पाण्याची टाकी नैऋत्येला चढवली जाते. पुण्यात डिसेंबरच्या मध्यान्ही दोन मीटर उंचीच्या टाकीची सावली उत्तरेला जवळजवळ तितकीच लांब पडते आणि दुपार कलली की ती आणखी लांबून ईशान्येकडे, बहुधा पॅनेलांवरच सरकते. टाकीची जागा त्यामुळे आता स्लॅबच्या नकाशातच ठरवावी लागते.