केचकेमेतचा ‘बोलता झगा’: गाव खरंच झग्यानं वाचलं का?

गेझा राद्वानी यांचा ‘बोलता झगा’ हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेला हंगेरियन चित्रपट. त्यात सुलताननं दिलेला झगा दिसताच तुर्की शिपाई माना खाली घालतात आणि केचकेमेत या हंगेरीतल्या, तेव्हा तुर्की अमलाखालच्या गावाची लूट टळते. हाच इतिहास आहे असं अनेक जण धरून चालतात. मूळ कथा मात्र कालमान मिक्सात यांच्या १८८९च्या कादंबरीतली.

झगे दिले जात, हे खरं. ती आपल्याकडची खिलतच, म्हणजे दरबारातून मिळणारा मानाचा पोशाख. पण खिलत घालणाऱ्याचा मान ठरवी, आणि घालणं म्हणजे देणाऱ्याचं वरचढपण मान्य करणं. (१६६६ साली आग्र्याला दरबारात मानाची जागा न मिळाल्यानं संतापलेल्या शिवाजी महाराजांनी ती नाकारली.) हुकूम चाले तो कागदाचा: वर सुलतानचा तुघ्रा (नावाची नक्षीदार मुद्रा) असलेलं फर्मान काझीपुढे ठेवायचं आणि त्याच्या वहीत नोंदवून घ्यायचं. नुसतं कापड दाखवून लुटारू टोळी थांबली असती, हे पटत नाही.

गाव तगलं ते महसुलामुळे. केचकेमेत, नाज्यक्योरोश आणि त्सेग्लेद ही ‘खास’ गावं होती. सारा थेट सुलतानच्या खजिन्यात जाई. जहागिरीच्या गावात सिपाही (जहागीर मिळालेले तुर्की घोडेस्वार) वारंवार बदलत आणि प्रत्येक जण आल्याआल्या वसुली उरकून घेई. खास गावाला हा जाच कमी, म्हणून उजाड खेड्यांतली माणसं तिथे येऊन राहत. वर सरहद्दीपलीकडचे हंगेरियन जमीनदारही आपला हिस्सा घेतच. कर दोन्हीकडे, आणि तो उभा राहायचा मुख्यतः गुरांच्या व्यापारावर. चित्रपटाला झगा सोयीचा; हिशेबाच्या वह्यांवर कोण तिकीट काढणार?