उसाच्या पात्याची धार, कागदाच्या गिरणीत

उभ्या उसात उघड्या हातांनी शिरलेला माणूस दुसऱ्यांदा तसा शिरत नाही. पात्याच्या कडेने हातावर बारीक चरे उठतात आणि घाम लागला की चरचरतात. ही धार सिलिकाची. वाळूत असते तीच सिलिका. ऊस, गहू, भात ही सगळी गवताच्या कुळातली. पाण्यात विरघळलेली सिलिका मुळांवाटे ओढून ती अंगात साठवतात. शेतात त्याने पीक ताठ उभं राहतं. कागदाच्या गिरणीत मात्र तीच सिलिका नको होते.

तसं पाहिलं तर चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, कागदासाठी गुणाचं. कोरड्या चिपाडात ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, म्हणजे तंतूंचा मूळ पदार्थ, असतं, आणि कागद म्हणजे मुख्यतः तेच. त्या तंतूंना जखडून ठेवणारं लिग्निन २० टक्क्यांच्या आसपास; पाइनसारख्या लाकडात ते २५ ते ३० टक्के. (उन्हात ठेवलेलं वर्तमानपत्र पिवळं पडतं ते या लिग्निनमुळेच.) शिवाय चिपाडाची वीण सैल. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोड्यासोबत तासन् तास शिजवावे लागतात, चिपाड काही मिनिटांत शिजतं.

पण नुसत्या टक्केवारीवर जाऊ नये. चिपाडाचा जवळपास तिसरा हिस्सा म्हणजे कांड्याच्या आतला भुसभुशीत गर. रसायनाच्या हिशेबात तो तंतूसारखाच, त्यातही सेल्युलोज भरपूर. पण त्याच्या पेशी आखूड, पिशवीसारख्या. त्या एकमेकींत गुंतत नाहीत, उलट कॉस्टिक पितात आणि लगद्यातलं पाणी ज्या जाळीवर निथळतं तिथे ते अडवून धरतात. म्हणून शिजवण्याआधीच गर झोडपून वेगळा काढतात.

सिलिका अशी झोडपून जात नाही. चिपाडात ती एक-दोन टक्के, भाताच्या पेंढ्यात मात्र दहा टक्क्यांच्याही वर जाते. कॉस्टिकमध्ये ती विरघळते आणि शिजवून उरलेल्या काळ्या पाण्यात उतरते. लाकूड वापरणाऱ्या गिरण्या हे पाणी आटवून जाळतात आणि कॉस्टिक परत मिळवतात. पेंढ्याचं काळं पाणी आटवायला घेतलं की ते घट्ट होतं, नळ्यांवर दगडासारखी पुटं चढतात. छोट्या गिरण्यांना ही यंत्रणा परवडत नसे. मग ते पाणी थेट ओढ्यात.

तमिळनाडूत करूरजवळची टीएनपीएल (तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स लिमिटेड) ही गिरणी १९८०च्या दशकापासून चिपाडाचा कागद करते. चिपाड तर साखर कारखान्यांचं स्वतःचं इंधन, ते फुकट कोण देणार? म्हणून तिने कारखान्यांना बदल्यात कोळसा नाहीतर वाफ देऊ केली. आपल्याकडे बहुतेक चिपाड अजून बॉयलरमध्येच जातं, वीज विकता येऊ लागल्यापासून तर जास्तच.